आवाज ऐकू आल्याशिवाय कोड देऊ नका

मागच्या दिवाळीनंतर आम्ही आबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आबा म्हणजे माझे सासरे, वय ८६. तपासणीत वयोमानाप्रमाणे थोडं कमी ऐकू येतं, एवढंच निघालं. तरी कानाचं मशीन घ्यायचं का, घेतलं तर किती हजारांचं, अशी घरात चर्चा सुरू झाली होती. टीव्हीवर सिनेमा लावला की आबा म्हणायचे, "गाणं ऐकू येतंय, ढोल ऐकू येतोय, पण माणसं काय बोलायलीत तेच कळंना." आम्ही आवाज वाढवायचो. ढोल आणखी मोठा व्हायचा, खिडकीच्या काचा थरथरायच्या, माणसं मात्र तशीच मुकी. हळूहळू त्यांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं. संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीपुढे आणि ते बाहेर व्हरांड्यात रेडिओ कानाशी धरून, असं दीड महिना चाललं.

दोष त्यांच्या कानात नव्हता. मधल्या स्पीकरची वायर निघालेली होती.

मी तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत ३१ वर्षं काम केलं आहे. एका वेळी एकच वायर हलवा, दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुठे होता ते कधीच कळणार नाही, हे मुलांना सांगण्यात माझी नोकरी गेली. आणि माझ्याच घरात आम्ही वायर तपासायच्या आधी म्हातारा माणूस तपासायला घेऊन गेलो. याची मला फार खंत आहे. म्हणूनच हे लिहिते आहे. छत्रपती संभाजीनगरात, आमच्या गारखेड्यात आणि सिडकोत, गेल्या वर्षभरात मी अशी आणखी आठ-नऊ घरं पाहिली आणि तिथेही सगळ्यांत आधी दोष कोणाच्या तरी कानाला किंवा वयाला लावला गेला होता.

आमच्याकडे झालं ते असं. पुण्याहून मुलाने दिवाळीला ५५ इंची टीव्ही पाठवला. बसवायला एक मुलगा आला, पंचवीसेक वर्षांचा, कामात चोख. भिंतीला ब्रॅकेट ठोकलं, टीव्ही टांगला, चित्र दाखवलं आणि म्हणाला, "काकू, मोबाइलवर कोड आला असेल बघा, तेवढा सांगा." मी विचारलं, होम थिएटरचं काय? तो म्हणाला, ते आमच्या कामात येत नाही. त्याला संध्याकाळपर्यंत अजून चार घरं करायची होती. मी कोड सांगितला आणि त्या चार आकड्यांनी कंपनीच्या दप्तरी आमचं काम पूर्ण झालं. आमचं २००९ सालचं होम थिएटर, पाच स्पीकर आणि एक वूफर, तसंच पडून राहिलं. दोन दिवसांनी भाचा आला, त्याने ऑप्टिकल वायर जोडली, आवाज घुमला, सगळे खूश झाले. जुन्या टीव्हीच्या टेबलावर असलेला मधला स्पीकर टीव्ही भिंतीवर गेल्यावर कपाटावर सरकवला होता आणि त्या ओढाताणीत त्याची वायर मागून निसटली होती. ते कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण बाकी सगळं वाजत होतं.

आता यातली मेख नीट सांगते, कारण ती कळली की निम्मं काम होतं. सिनेमाचा आवाज सहा वाटांनी येतो. पुढे डावा, मधला आणि उजवा, मागे दोन, आणि सहावी वाट फक्त खर्जाची, म्हणजे वूफरची. थिएटरात ही डिजिटल पद्धत १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स' या सिनेमापासून डॉल्बीने आणली, पुढच्याच वर्षी 'ज्युरासिक पार्क'सोबत डीटीएस आलं. त्यात पात्रांचं बोलणं जवळजवळ सगळं मधल्या वाटेवर ठेवतात. थिएटरात एका कडेच्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाही शब्द पडद्यावरच्या तोंडातून आल्यासारखे वाटावेत, हे त्यामागचं कारण. म्हणजे मधला स्पीकर बंद पडला तर सिनेमाचं संगीत राहतं, पाऊस राहतो, घोड्यांच्या टापा राहतात आणि नेमकी माणसं जातात. आबा शब्दशः हेच सांगत होते.

याहून बोलका पुरावा समोर होता आणि आम्ही तो वाचला नाही. आबांना बातम्या नीट ऐकू येत होत्या. आम्हाला वाटायचं, निवेदक ओरडून बोलतात म्हणून येत असतील. खरं कारण वेगळं होतं. आमच्या सेट-टॉप बॉक्सवरच्या बातम्या दोनच वाटांनी, म्हणजे साध्या स्टिरिओत येतात. ॲम्प्लिफायर त्या डाव्या-उजव्या स्पीकरला देऊन टाकतो, मधल्याची गरजच पडत नाही. ओटीटीवरचा सिनेमा सहा वाटांनी येतो, तिथे मधला लागतो. एकाच माणसाला त्याच खुर्चीत बातम्या ऐकू येतात आणि सिनेमा येत नाही, तर कान दोषी कसा असेल? हा प्रश्न आम्ही पहिल्याच आठवड्यात विचारायला हवा होता.

उपाय अर्ध्या तासाचा होता. जवळजवळ प्रत्येक होम थिएटरमध्ये 'टेस्ट टोन' असतो. तो लावला की एकेका स्पीकरमधून क्रमाने सुस्कार्‍यासारखा आवाज फिरतो: डावा, मधला, उजवा, मग मागचे दोन. आमच्याकडे डाव्यानंतर शांतता आणि मग एकदम उजवा. कपाटामागे हात घातला, वायर सापडली, लाल टोक लालला आणि काळं काळ्याला लावलं. (हे उलटं झालं तर आवाज येतो, पण पोकळ आणि विखुरलेला येतो. लोक स्पीकरला शिव्या देतात, टोकं पाहत नाहीत.) मग मधल्या स्पीकरची पातळी तीन डेसिबलने वाढवली. ज्यांच्याकडे मधला स्पीकर नाहीच किंवा जळाला आहे, त्यांनी ॲम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये 'सेंटर : नाही' असं सांगून टाकावं. मग तो बोलणं डाव्या-उजव्यात वाटून देतो. यंत्राला आपणहून कळत नाही की स्पीकर तिथे नाही. त्याला सांगावं लागतं.

इथे मला माझ्या गावाबद्दल बोलायचं आहे. छत्रपती संभाजीनगरला ही विद्या परकी नाही. पैठण रस्त्यावर चितेगावात व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना होता. जपानच्या तोशिबाच्या तांत्रिक सहकार्याने व्हिडिओकॉनने रंगीत टीव्ही बनवायला घेतले, आणि एक काळ असा होता की देशभरातल्या घरांमधल्या टीव्हीच्या पाठीवर आपल्या जिल्ह्याचं नाव असे. त्याच तोशिबाने १९८३ मध्ये सीडी प्लेअर आणि ॲम्प्लिफायर जोडायला प्रकाशाची वायर काढली. आज टीव्हीच्या मागे आपण जिला ऑप्टिकल म्हणतो, ती हीच. तिचं मूळ नाव टॉसलिंक, तोशिबावरून पडलेलं. आणि वाळूजला तर स्टरलाइट टेक्नॉलॉजीजमध्ये ऑप्टिकल फायबर ओढलं जातं, त्याची काच शेंद्र्याला तयार होते. ते काचेचं फायबर एक अष्टमांश मिलिमीटर जाडीचं. आपल्या टीव्हीमागची वायर साधी, एक मिलिमीटर जाड प्लॅस्टिकच्या तंतूची, पण तत्त्व तेच: तांब्यातून वीज न नेता तंतूतून प्रकाश न्यायचा. ज्या शहराच्या एमआयडीसीत जगासाठी हा तंतू ओढला जातो, त्याच शहरातल्या घरात त्या वायरचं टोपण काढायचं असतं हे कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

टोपणाची गोष्ट खरी आहे. आमच्याच शहराच्या सातारा परिसरातल्या एका घरी नवीन साउंडबार दोनदा दुकानात नेऊन आणला होता. दुकानात वाजायचा, घरी वाजायचा नाही. मी गेले तेव्हा ऑप्टिकल वायरच्या टोकावर पारदर्शक प्लॅस्टिकचं इवलंसं टोपण तसंच होतं. नव्या वायरच्या टोकाला ओरखडे पडू नयेत म्हणून ते घालतात. पारदर्शक असल्यामुळे ते वायरचाच भाग वाटतं, आणि त्याच्यासकट घुसवली की वायर खटकन बसत नाही. ते काढलं, वायर नीट बसली, आवाज आला. त्या घरातल्या बाई रडायच्या बेताला आल्या होत्या. दोनदा रिक्षाचं भाडं, दुकानदाराची तुसडी उत्तरं, आणि घरात रोज "तुला काही जमत नाही" हे ऐकणं, एका ज्वारीच्या दाण्याएवढ्या टोपणापायी.

ऑप्टिकल तपासायला मीटर लागत नाही. टीव्ही चालू ठेवून वायरचं दुसरं टोक बाहेर काढा आणि तळहातावर धरा. तांबडा ठिपका दिसला तर टीव्ही आणि वायर दोन्ही काम करत आहेत, पुढची अडचण ॲम्प्लिफायरच्या इनपुटची आहे. ठिपका दिसला नाही तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये बाहेरचा स्पीकर निवडलेलाच नाही किंवा वायर कपाटामागे काटकोनात दुमडून आतून मोडली आहे. उंदराने कुरतडलेलीही मी पाहिली. डोळ्याजवळ नेऊन टोकात पाहत बसू नका, तळहात पुरतो.

ठिपका दिसतो, इनपुट बरोबर आहे, तरी आवाज नाही किंवा नुसती खरखर आहे, असं असेल तर दोन यंत्रांची भाषा जुळत नाही असं समजा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल आउट' किंवा तत्सम नावाखाली पीसीएम, ऑटो, पासथ्रू, बिटस्ट्रीम असे पर्याय असतात. पीसीएम म्हणजे उघडा, ताटात वाढलेला आवाज. तो कोणतंही यंत्र घेतं, पण या वायरीतून तो दोनच वाटांचा जातो. बिटस्ट्रीम म्हणजे आवळून बांधलेलं गाठोडं. त्यात सहाही वाटा असतात आणि गाठ ॲम्प्लिफायरने सोडायची असते. आकडा सांगितला तर पटेल: सीडीचा दोन वाटांचा उघडा आवाज सेकंदाला सुमारे १४ लाख बिट खातो, आणि डीव्हीडीवरचा डॉल्बीचा सहा वाटांचा आवाज बहुधा ४ लाख ४८ हजारांत बसतो. गाठोडं इतकं आवळलेलं असतं. ज्या ॲम्प्लिफायरला ती गाठ सोडता येत नाही, तो गप्प बसतो. म्हणून आवाज अजिबात येत नसेल तर सर्वांत आधी पीसीएम करून पाहा. आला, तर यंत्र जिवंत आहे. ते बदलायला सांगणार्‍या दुकानदाराला नम्रपणे नाही म्हणा.

याच कारणाने पेनड्राइव्हवरचे कितीतरी सिनेमे मुके होतात. त्यांचा आवाज डीटीएसच्या गाठोड्यात असतो आणि अलीकडच्या अनेक टीव्हींनी डीटीएस सोडवायची सोय काढून टाकली आहे. चित्र पळतं, ओठ हलतात, आवाज नाही. रिमोटवरून ऑडिओ ट्रॅक बदलून पाहा, दुसरा ट्रॅक असला तर प्रश्न मिटतो.

एचडीएमआयचं दुखणं वेगळं आहे. टीव्हीच्या पाठीवर तीन-चार सारखी भोकं असतात. त्यातल्या एकाच भोकातून आवाज उलटा बाहेर पडतो, तिथे 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं. ही सोय २००९ पासूनची आहे. सिडकोतल्या माझ्या जुन्या सहकारी बाईंची वायर शेजारच्या भोकात होती, एवढंच. भोक बरोबर असूनही आवाज नसेल तर दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायची परवानगी सेटिंगमध्ये द्यावी लागते. तिचं खरं नाव सीईसी, पण सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक. एकाच गोष्टीला प्रत्येक कंपनीने आपलं बारसं केलं आहे. साठ वर्षांच्या बाईने हे कुठून ओळखायचं? वीज गेल्यावर ही ओळख कधी कधी तुटते. तेव्हा दोन्ही यंत्रं रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणाने बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं, आधी टीव्ही आणि मग ॲम्प्लिफायर सुरू करायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज ज्या गतीने ये-जा करते, ते पाहता हे एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला यायला हवं.

स्पीकरमधून अखंड 'घुंऽऽ' येत असेल तर मात्र ही भाषेची अडचण नाही, ती अर्थिंगची आहे. केबलची वायर टीव्हीमधून काढून पाहा. घुमणं थांबलं तर केबल आणि घराचं अर्थिंग एकमेकांशी भांडतंय. ऑप्टिकलमध्ये तांबं नसल्यामुळे तिच्यातून ही गडबड पुढे जात नाही, म्हणून अशा घरी मी एचडीएमआय काढून ऑप्टिकलच लावायला सांगते. वळवाच्या पावसात वीज कडाडल्यावर एचडीएमआयची भोकं गेलेली तीन घरं मी पाहिली, तिन्ही ठिकाणी ऑप्टिकल शाबूत होतं. घुमणं घालवायला काही जण प्लगची तिसरी, जाड पिन कापतात. तसं कधीही करू नका. ती पिन जीव वाचवायला असते.

हे सगळं मी पदर खोचून घरोघर करते आणि करत राहीन. पण हे माझं काम नसून विकणार्‍याचं आहे, हे मला या लेखात ठासून सांगायचं आहे. टीव्ही ही नुसती पाहायची वस्तू नाही. पन्नास हजारांची वस्तू घरात आली आणि घरातल्या सर्वांत म्हातार्‍या माणसाला तिच्यातलं बोलणं ऐकू येत नसेल, तर ती वस्तू बसवून झालेली नाही. बसवणार्‍या मुलाला मी दोष देत नाही. त्याला भिंतीवरचा टीव्ही सरळ आहे की नाही याचे पैसे मिळतात, आवाजाचे मिळत नाहीत. कंपन्यांनी त्याच्या यादीत आणखी एक ओळ घालावी: घरात आधीपासून असलेला स्पीकर जोडून, बोलणं ऐकवून दाखवणे. त्याचा मोबदला त्याला वेगळा द्यावा. वीस मिनिटांचं काम आहे. आपल्या आयटीआयमध्ये घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा स्वतंत्र ट्रेड आहे, विद्यापीठाच्या आवारात इलेक्ट्रॉनिक्सची केंद्र सरकारी संस्था आहे. हे काम शिकलेली पोरं या शहरात आहेत.

आणि सेटिंगचे शब्द मराठीत हवेत. माझ्या टीव्हीत मराठी निवडता येते, पण आवाजाच्या पानावर पोचलं की 'पासथ्रू' हा शब्द फक्त देवनागरी लिपीत येतो. 'स्पीकरकडे जसाच्या तसा पाठवा' असं लिहायला काय हरकत आहे? खोक्यावर लिहावं की कोणत्या भोकातून दोन वाटा जातात आणि कोणत्यातून सहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सेवा देणार्‍याने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवली तर ती सेवेतली त्रुटी धरली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. दोन वेळा दुकानात हेलपाटे मारण्यापेक्षा एकदा तिथे फोन करावा.

मला काही जण म्हणतात, मराठवाड्यात पाण्याची बोंब असताना सहा स्पीकरांचं काय घेऊन बसलात? मी त्यांना आबांचा व्हरांडा दाखवते. दीड महिना एक माणूस घरात असून घराबाहेर होता. ज्यांनी उभ्या आयुष्यात एकनाथ रंगमंदिरातलं एकही चांगलं नाटक चुकवलं नाही, त्यांना घरच्या घरी संवाद ऐकू येऊ नये, ही मला चैनीच्या वस्तूची तक्रार वाटत नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींकडे नवीन टीव्ही आला. बसवणारा मुलगा दुसरा होता. त्याने कोड मागितला तेव्हा मी तिथेच होते. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "दादा, दहा मिनिटं थांब." वहिनींच्या आईंना खोलीतून हाताला धरून आणलं, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं आणि एक मराठी सिनेमा लावला. मुलाने तोवर वहिनींचा जुना साउंडबार स्वतःहून जोडला. पहिल्यांदा बोलणं पुसट आलं. त्याने सेटिंग उघडलं, मी सांगितलं तसं पीसीएम केलं. आजी पुढे वाकून ऐकत होत्या, मग मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "हां. आता बोलायली ती."

मग वहिनींनी कोड वाचून दाखवला.